माहेरचा बैल

माझ्या धाकट्या बहिणीनं घाटाखालच्या एका गावातल्या मुलाशी लग्न केलं आणि आमचे वडील, आबा, तिच्याशी बोलायचे बंद झाले. पोरगा चांगला, कामाचा, स्वतःची होडी असलेला. पण आपण शेतातली माणसं आणि ते मासेमारी करणारे, शिवाय जात वेगळी. आबांनी हे तोंडानं कधी म्हटलं नाही. नुसतं तिचं नाव घेणं टाकलं. मी भांडले, अबोला धरला, एकदा ताटावरून उठून गेले. आबा ढिम्म.

तीन वर्षं झाली. सुट्टीला लेकी माहेरी येतात, गल्लीत सगळ्यांच्या आल्या, आमची आली नाही. ती मला म्हणायची, आबांनी एकदा ये म्हणावं, मी त्याच दिवशी निघते. न बोलवता यायची नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. हट्टात ती आबांवरच गेलीय, आणि हे मी दोघांनाही तोंडावर सांगितलंय.

तिच्या सासरच्या गावात शिमगा उरकला, ऊन तापायला लागलं की समुद्राच्या कडेकडेनं सोंगांची मिरवणूक निघते. घरटी एक सोंग. ज्या घरात नवी सून आली असेल, त्या घराचं पहिलं सोंग सुनेच्या माहेरानं करून पाठवायचं आणि सुनेनं ते घालून चालायचं, अशी तिथली रीत. आमच्याकडून दोन वर्षं काही गेलंच नाही. तिच्या सासूबाईंनी लोकांना काहीबाही कारणं सांगून वेळ मारून नेली. यंदा मात्र त्यांचा मला फोन आला. टोमणा नव्हता त्यात. म्हणाल्या, पोरगी बोलत नाही, पण मिरवणुकीचा विषय निघाला की उठून आत जाते. काहीतरी पाठवा हो, एखादी पगडी पाठवा. फोन स्पीकरवर होता आणि आबा शेजारी बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर परसात आबा बांबूच्या कामट्या तासत बसलेले. कुणासाठी म्हणून विचारलं तर तालमीच्या पोरांनी सांगितलंय म्हणाले. आबा जन्मभर गुळव्या. शिरोळ, करवीर, कुठल्या कुठल्या गुऱ्हाळावर त्यांना मानानं बोलवून न्यायचे, कारण काहिलीतला रस कधी उतरवायचा ते त्यांना नुसत्या वासावरून कळायचं. गुळाशिवाय त्यांच्या हाताला दुसरं काही सुचतच नव्हतं. कामट्यांवर पोतं, पोत्यावर रद्दी, आणि रद्दी चिकटवायला खळ केली ती गूळ घालून. आमच्याकडं पूर्वी अशीच करायचे. मार्चच्या उन्हात चार दिवसांत ते टणक झालं. बैलाचं मुंडकं! समुद्रावरच्या मिरवणुकीला बैल. रंगवलेली शिंगं, कपाळावर गोंडा, डोळे मात्र अगदी जिवंत. बोटानं ठोकून बघितलं तर लाकडासारखं वाजलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला बोलू.

मिरवणुकीच्या दिवशी मी गाडी काढली तर आबा मुंडकं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेले. गाडीतनं उतरणार नाही, एवढंच बोलले. बावड्याचा घाट उतरलो आणि हवा चिकट झाली. आबांनी दोनदा धोतराला हात पुसले. तेव्हाही आमच्या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पावसाळी हवेत गूळ उघडा ठेवू नका म्हणून दुनियेला सांगत फिरणारा हा माणूस!

बहीण दारातच उभी होती. गाडीत आबा दिसले आणि तिचा चेहरा एकदम लहानपणीचा झाला. आबा समुद्राकडं बघत राहिले. सासूबाईंनी चहा गाडीत आणून दिला, तो घेतला. मिरवणूक दिसावी म्हणून मी गाडी पुढं, निम्म्या वाटेवर वाळूच्या कडेला नेऊन लावली. मी मुंडकं तिच्या डोक्यावर चढवलं, पाठीवरून लांब झूल सोडली. झुलीचं मागचं टोक माझ्या हातात.

निघाली मिरवणूक. कासव, खेकडा, मिशा लावलेल्या दोन बायका हवालदार झालेल्या, आणि त्यात आमचा बैल. जावई सगळ्यात पुढं ढोलावर. बैल बघून लोक खूश झाले आणि बहीण वाळूत अशी उधळली की मला झूल सांभाळताना धाप लागली. आणि निम्म्या वाटेत डावं शिंग कलंडलं. मग उजवं. खाऱ्या दमट वाऱ्यानं गुळाला पाणी सुटलं होतं. तिच्या मानेवरून तपकिरी ओघळ आले, माश्या घोंघावायला लागल्या. लोक हसायला लागले. वाईट मनानं नव्हे, पण माझं डोकं फिरलं, दोघा-तिघांना मी फाडकन बोललेही. सासूबाई धावत आल्या, म्हणाल्या, काढून टाक, पुरे झालं.

"काढायचं न्हाय," आतून आवाज आला. "माझ्या माहेरचं हाय ते."

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. आबा वाळूतनं येत होते. एक चप्पल वाळूत रुतून मागंच राहिली, तरी थांबले नाहीत. आले, दोन्ही हातांनी दोन्ही शिंगं वर धरली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागले. कुणी हसलं तरी त्यांनी बघितलं नाही. हात चिकट, तोंडावर माश्या, सत्तरीचा माणूस हात वर धरून चाललेला. मी मागं झूल धरून. मला सगळं ऐकू येत होतं.

बरंच अंतर ते तसेच चालले. मग त्या मुंडक्याकडं बघत म्हणाले, "चुकलं माझं."

"गुळाचं व्हय?"

"गुळाचं बी."

तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच त्यांना बोलता आलं असावं. समोरासमोर तीन वर्षं जमलं नव्हतं. पुढं ते म्हणाले, उन्हाळा लागलाय, घरी ये.

बैल जागच्या जागी थांबला. मागची सोंगं आमच्यावर येऊन आदळली.

"एकटी का दोघं?" तिनं विचारलं.

आबांनी पुढं ढोल वाजवणाऱ्या जावयाकडं पाहिलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो आपल्या नादात होता. शिंगं मात्र आबांनी सोडली नाहीत.

"दोघांस्नी बोलवतोय की," ते म्हणाले.