घराबाहेरचा एक माणूस

डॉ. शैलजा निरगुडे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या अपमानाने झाली, असे मी बरेच दिवस समजत होतो. बिबवेवाडीत माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. हे काम मला कोणी शिकवले नाही. बंद पडलेले फोन उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून मी ते शिकलो आणि त्याचा मला अभिमान आहे. माझी पत्नी सुनंदा मधुमेही आहे, इन्सुलिन घेते. तिच्या साखरेचा रंगीत आलेख मी स्वतः तयार केला होता: जेवण हिरवे, इन्सुलिन निळे, चालणे पिवळे. तो डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "आलेख देखणा आहे. आता पेशंट दाखवा."

सुनंदा हसली. मी नाही हसलो.

बाईंनी तिला विचारले, "साखर खाली गेली की काय होतं तुम्हाला?"

"पूर्वी घाम यायचा, हात कापायचे. आता काहीच होत नाही."

मला ही सुधारणा वाटत होती. बाईंनी पेन खाली ठेवले. शरीराने इशारा देणेच बंद केले आहे, बोलता बोलता ही बेशुद्ध पडू शकते, हे त्यांनी शांतपणे समजावले. सुनंदा हडपसरच्या एका पतसंस्थेत नोकरी करते आणि रोज स्कूटरने जाते. त्या दिवशी जी भीती बसली ती अजून पुरती गेलेली नाही. बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवलेखात भीतीबद्दल लिहिलेले चालेल का, असे मी संपादकांना विचारले. चालेल म्हणाले, म्हणून लिहितो.

बाईंनी दंडावर लावायचा सेन्सर सुचवला. नाण्याएवढी चकती, तिचा केसासारखा तंतू कातडीखाली राहतो. साखरेचा आकडा दर थोड्या वेळाने तिच्या फोनवर येतो आणि तोच माझ्याही फोनवर दिसतो. शेजारचा बाण साखर चढते आहे की उतरते आहे ते सांगतो. हे तर माझेच क्षेत्र! पण बाईंची एक अट होती आणि ती त्या प्रत्येक पेशंटला घालतात. "घराबाहेरचा एक माणूस घेऊन या. दिवसभर जवळ असणारा. त्याला शिकवल्याशिवाय मी हे लावणार नाही."

सुनंदाने साफ नकार दिला. ऑफिसात तिने आजार कळूच दिला नव्हता. "उद्यापासून सगळे माझ्या डब्यात डोकावतील. वाढदिवसाचा केक आला की आधी माझ्याकडे बघतील."

मीही तिची बाजू घेतली. "बाई, मी आहे ना. फोन कायम हातातच असतो माझ्या."

"आपण बिबवेवाडीत असता. फोनमधून हात घालून साखर भरवणार आहात का?"

अखेर सुनंदाने शेजारच्या टेबलावरच्या अलका कामठे यांना आणले. बाईंनी त्यांच्याकडून पेल्यात साखर ढवळून घेतली. गिळता येत असेल तरच तोंडात द्यायचे, नाहीतर थेट रुग्णवाहिका, हे त्यांच्याच तोंडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले. एवढा वेळ बाहेर पेशंट ताटकळत होते. बाईंनी कोणाचीही पर्वा केली नाही.

मग ती संध्याकाळ आली. ऑफिस सुटायची वेळ होती. माझ्या फोनवर चौसष्ट आकडा, म्हणजे धोक्याच्या सत्तरखाली, आणि खाली तोंड केलेला बाण. पाठोपाठ पंचावन्न. सुनंदाचा फोन वाजत राहिला, तिने उचलला नाही. ती निघाली असेल तर? सोलापूर रस्त्यावरचे डंपर माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी कामठेताईंना फोन लावला.

"थांबा भाऊ, ठेवू नका," त्या म्हणाल्या. पळण्याचा आवाज, धाप. "पार्किंगमदी हायेत. गाडीवर बसल्यात, हेल्मेट घातलंय, पन चावी लावता येईना त्यांना. मी साखरेचं पानी आणते."

मागून गलका ऐकू आला. "अहो, म्हणजे शुगर आहे यांना? मग साखर काय देताय, विष आहे ते!" दुसरे कोणी म्हणाले, "माझ्याकडे बिनसाखरेचं बिस्कीट आहे, ते द्या."

दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून मी बाईंना गाठले आणि दोन्ही फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर समोरासमोर ठेवले.

"कामठेताई, गिळतायत का?"

"हो बाई."

"मग द्या. मी सांगितलंय म्हणावं."

"व्हा बाजूला सगळे!" कामठेताई ओरडल्या. "डॉक्टरीणबाई फोनवर हायेत, भांडायचं तर त्यांच्याशी भांडा!"

पाणी पोटात गेले, तरी माझ्याकडचा आकडा आणखी खाली आला. मी किंचाळलोच. बाई म्हणाल्या, "तो फोन उलटा ठेवा. सेन्सर रक्ताच्या मागून चालतो, आकडा उशिरा चढेल. कामठेताई, त्यांना तुमचं नाव विचारा."

कामठेताई पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मग सुनंदाचा चिडका आवाज आला, "नाव काय विचारतेस अलका? रोज शेजारी बसतेस ना?"

मी स्टुलावर बसलो. बाईंनी मात्र फोन ठेवला नाही. "चावी काढून घ्या त्यांच्याकडून. नवरा येईल न्यायला."

पुढच्या भेटीत मी हात जोडले. "बाई, तिची स्कूटर बंद करा. तुमचं ऐकेल ती." बाई म्हणाल्या, "निघण्याआधी आकडा बघायचा. खाली असेल तर खायचं, थांबायचं, वर आल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. एवढं मी सांगीन. भीती तुमची आहे, नोकरी त्यांची आहे."

तेव्हा राग आला होता. आज सांगतो, दुसऱ्या कोणी माझ्या भीतीला मान देऊन सुनंदाला घरी बसवले असते.

बाईंनी पंच्याहत्तरी गाठली, त्याचा आनंद आहेच. पण खरे सांगायचे तर हा आकडा ऐकून मी घाबरलो. डॉक्टरबाई, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हे मी सभ्यपणाने नव्हे, स्वार्थाने मागतो आहे. लिहिता लिहिता जिन्यातून सुनंदाने आवाज दिला, "एकशे अठरा. निघाले मी." खाली स्कूटर सुरू झाली. मी तिला थांबवले नाही.