डाव्या हाताचा भाता

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्समध्ये दर गुरुवारी भजन असे आणि पेटीला बाबा बसत. बाबा कारखान्यात सुपरवायझर. साताऱ्याहून बदली झाली तेव्हा पेटी त्यांनी गादीत गुंडाळून आणली होती. सातव्या वर्षापासून त्यांनी मला तिच्यावर बसवलं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागच्या भात्यावर. दहावीत जाईपर्यंत माझा डावा हात भाता मारतो आहे, हे माझ्या लक्षातही यायचं नाही.

शाळा मद्रास शहरात होती. संगीताच्या बाई अँग्लो-इंडियन. शेजारच्या चर्चमध्ये रविवारी ऑर्गन वाजवत. एकदा त्यांच्या वह्या पोचवायला गेले आणि तो ऑर्गन पाहून हट्टालाच पेटले. मला हा शिकायचाच होता.

समोर सोनेरी नळ्यांची रांग होती. मी त्याच पाहत राहिले, तर बाई म्हणाल्या, “यातल्या निम्म्या नुसत्या शोभेच्या आहेत. गाणाऱ्या आत बसतात.” त्यांनी बाजूचं बुटकं दार उघडलं. आत नळ्याच नळ्या. काही पेन्सिलीएवढ्या, तर काही चौकोनी लाकडी, दोन पुरुष उंच. एका नळीचा सूर एकच, त्यामुळे सूर बदलला की नळी बदलली. वाजवणाऱ्यापुढे स्वरपट्ट्यांच्या दोन ओळी, एकीवर एक, आणि दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या. जी खुंटी ओढाल त्या जातीच्या नळ्यांना वारा मिळणार. पायांसाठी खाली जाड लाकडी पट्ट्या वेगळ्याच. वारा विजेच्या पंख्यातून यायचा. वीज नसलीच तर कडेला जुन्या काळचा एक लांब दांडा होता. तो वरखाली करून भाता भरायचा.

बाई शिकवायला तयार झाल्या. आणि पहिल्याच दिवशी माझा डावा हात दोन ओळींनंतर पट्ट्यांवरून उठला, पेटीच्या सवयीने पलीकडे गेला आणि तिथे नसलेला भाता ओढू लागला. बाई हसल्या. मला मात्र स्वतःचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या आठवड्यातही तेच. घरी मी म्हणाले, बाक फार उंच आहे. बाबा म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं.” त्यांना हा उद्योगच पसंत नव्हता. दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, आधी पेटी पुरती शीक, असं त्यांचं म्हणणं.

मग बाईंचं ऑस्ट्रेलियाला बहिणीकडे कायमचं जायचं ठरलं. पाद्रीसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, बाई गेल्या की ऑर्गनला कुलूप. ही मुलगी एक गीत दोन्ही हातांनी आणि पायांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवील, तरच किल्ली तिला मिळेल. बाई निघण्याआधीचा शेवटचा शनिवार ठरला. मी आगगाडीत दप्तरावर डाव्या हाताची बोटं चालवली, खाटेवर खडूने पट्ट्या काढल्या. आठातल्या दोन वेळा तरी हात उठायचाच.

शनिवारी बाबा सोबतीला आले, पण आत न येता पायरीवर बसले. मी सुरुवात केली. दुसरं कडवं लागलं आणि वीज गेली. सगळ्या नळ्या एकदम खाली घसरल्या, कण्हल्या आणि गप्प झाल्या. दांडा मारणारा चर्चचा म्हातारा गावी गेलेला. पाद्रीसाहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, राहू दे आता. मी बाकाची कड घट्ट धरली आणि म्हणाले, “मी उठणार नाही.” मग दाराकडे तोंड करून बाबांना हाक मारली.

बाबा चपला बाहेर काढून अनवाणी आत आले. बाईंनी त्यांना दोरीला टांगलेलं शिशाचं छोटं वजन दाखवलं. वारा भरला की ते खाली येतं, सरला की वर चढतं. दोन खुणांच्या मध्ये ठेवायचं. बाबांनी दांडा एकदा वरखाली करून पाहिला.

“भाताच आहे की हा,” ते म्हणाले. “तू वाजव. वाऱ्याचं मी बघतो.”

मी पहिल्यापासून सुरू केलं. माझ्या मागे तो दांडा लयीत करकरत होता, तीच गुरुवारच्या भजनातली संथ लय. दोन ओळी झाल्या, चार झाल्या. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. डावा हात जागचा हलला नाही. त्याचं काम कुणीतरी करतंय, हे त्याला कळलं असावं. शेवटचा सूर सोडताना मला रडू आलं. किल्ली हातात घेईपर्यंत ते थांबलं नाही.

परतीच्या गाडीत बाबा तळहातावरचा फोड पाहत बसले होते.

“आज हात उठला नाही,” मी म्हणाले.

“पाहिलं मी,” ते म्हणाले. मग फोडावर फुंकर घालून म्हणाले, “पुढच्या शनिवारी येतो मी.”

“वीज असली तरी?”

“असली तरी.”