उपरण्याखालची बोटं

"द्या हात," म्हणत आबा खांद्यावरचं उपरणं समोरच्याच्या हातावर टाकायचे. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नाही, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा. मावळातल्या बैलबाजारात हे तुम्हीही पाहिलं असेल. आत काय ठरलं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

मीही तेव्हा बैलांचाच व्यापार करायचो; तिथेच माझा घात झाला. माझ्याशी ठरलेल्या भावावरून आबाच फिरले, आणि भर बाजारात ओरडले मात्र, "ह्यो बोटं फिरवतोय! ह्याच्यासंगं येवहार नगं." साक्षीदार कोण असणार? त्यानंतर माझ्या हातात कुणी हात दिला नाही. मी जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात शिरलो, बेगडेवाडीला जागा घेतली, वर आलो. राग तेवढा गेला नाही.

आबांना विसरण्याचा आजार झाल्याचं कळलं आणि मी हादरलो. खरं सांगू शकणारा एकच माणूस, आणि तोच पुसला जात होता. तडक वडगावला त्यांच्या घरी गेलो.

"कुटलं पावणं?" आबांनी मलाच विचारलं.

त्यांच्या मांडीवर टॅब होता. सूनबाईने ट्रंकेतले जुने फोटो त्यात भरले होते. फोटोला बोट लावलं की तिच्या आवाजात प्रश्न यायचा. आबा काहीही बोलले तरी पुढे शाबासकी ठरलेली.

"चुकलं म्हटलं की रडतात हो," ती म्हणाली. "यात रमतात, तेवढ्यात माझ्या भाकरी होतात."

आबांनी एका फोटोवर बोट ठेवलं. बैलाशेजारी उभा, मिशी नुकती फुटलेला मी.

"आबा, हे कोण?" टॅबमधून आवाज आला.

आबांनी टॅबपुढे हात जोडले. "लेकरा, बोटं मीच फिरवली. तुज्यावर ढकललं. माफ कर."

"शाब्बास आबा!"

मी टॅबवर वाकलो.

"रोज याच फोटोला हात जोडतात," सूनबाई म्हणाली. "कोण आहे, आम्हाला माहीत नाही."

"आबा, तो मीच!" मी ओरडलोच.

माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून ते हसले. "न्हाई वं पावणं. त्यो लय तापट. त्यो न्हाई यायचा हितं."

जन्मभर जे मागत होतो ते माझ्यादेखत दिलं गेलं, आणि मला मिळालं नाही.

"भाऊ, त्या फोटोत तुमचा आवाज भरू का?" सूनबाईने विचारलं.

पहिल्यांदा मी शिव्याच भरल्या. तिने निमूट पुसल्या. दुसऱ्यांदा एवढंच म्हणालो, "आबा, ऐकलं मी. आता हात नका जोडू."

त्यानंतर त्यांनी जोडले नाहीत, असं सूनबाई फोनवर सांगायची. फोटोतला मी बोललो की ते विचारायचे, "जेवलास का रं?" आणि उत्तराची वाट बघत बसायचे.

"येऊन तेवढं उत्तर भरून जा, भाऊ," ती म्हणायची. मी उद्यावर ढकलत राहिलो.

परवा गेलो, तेव्हा आबांची रिकामी खाट धुऊन अंगणात उभी करून ठेवली होती.