पाकिटावरचं कुंकू

विद्यार्थी संघटनेतर्फे विद्यापीठातल्या गुणपत्रिकांच्या खिडकीशी मी अनेकदा भांडलोय. पुण्यात आयटी आल्यापासून तिथे परदेशी निघालेल्यांची रांग असते. त्यांच्या गुणपत्रिका बंद पाकिटात घालून, जोडावर शिक्का मारून मिळतात; शिक्का बिघडला की तिकडचं विद्यापीठ पाकीट घेत नाही. खिडकीमागचे गृहस्थ मान वर करत नाहीत. प्रत्येक अडचणीला त्यांचं एकच उत्तर असतं, "नव्याने अर्ज करा." मुलं खेटे घालून दमतात आणि हे शांतपणे सुपारी कातरत बसतात. आम्ही त्यांच्याविरुद्ध पत्रकही काढलं. त्यांनी घडी करून ते डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

त्या दिवशी बिबवेवाडीची एक मुलगी आईला घेऊन आली. पाकीट त्याच दुपारी कुरियरने गेलं नाही, तर तिचा तिकडचा प्रवेश हुकणार होता. पण आईने ते देवापुढे ठेवून नेमकं शिक्क्यावरच हळदकुंकू वाहिलं होतं.

"अहो, तिकडे हे रक्त समजतील," खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले.

मी भांडायच्या तयारीत होतो. त्यांनी पाकीट कापलं, तेच कागद नव्या पाकिटात घातले आणि शिक्का मारला.

"बाई, आता कुंकू मुलीला लावा."

आईचे डोळे भरून आले.

रांगेत मागे वर्ध्याचा एक मुलगा उभा होता. त्याच्या पाकिटावरचा शिक्का घामाने पुसट झाला होता, पाकीट मात्र बंदच होतं.

"नव्याने अर्ज करा."

"काका, आत्ता यांना दिलंत की," मी म्हणालो.

"म्हणून काय सगळ्यांना देत बसू?" म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली.