लोक का उठले होते

सांगलीहून मुंबईला मी वर्षातून दोनदा तरी जातो. लग्नांचं चित्रीकरण करायचा माझा धंदा, कॅमेऱ्याचं काही ना काही आणायचं असतं. काम उरकलं की गिरगावच्या दिशेला न फिरकता परतीची बस पकडतो. या खेपेला आणायचं काहीच नव्हतं. भडंगाची दोन पाकिटं आणि एक जोड कपडे घेऊन निघालो. "भाऊंकडे चाललोय," एवढंच बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जा एकदाचे."

निमित्त आपल्या गावातल्या फिल्म क्लबचं. मागच्या महिन्यात तिथे रघुनाथ आरोंदेकरांचा, म्हणजे भाऊंचा, शेवटचा सिनेमा दाखवला. तुमच्यापैकी बरेच जण हजर होते. त्या सिनेमाला मी भाऊंचा सहायक होतो म्हणून चार शब्द बोलायला मला उभं केलं. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "यानंतर त्यांनी सिनेमा का नाही केला?" मी म्हणालो, "डोळे गेले त्यांचे." सगळे हळहळले. हे उत्तर मी कित्येक वर्षं देत आलोय. ते खोटं नाही. पण खरं कारण दुसरं आहे, आणि ते मला एकट्याला ठाऊक होतं. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

बसने शीवलाच दगा दिला. पुढे पुलाचं काम निघालंय म्हणून ड्रायव्हरने दादरची माणसं तिथेच उतरवली. कुरकुरत एका लाल बसमध्ये चढलो आणि दादरला पोचलो तेव्हा फुलबाजार भरात होता. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास, डोक्यावर पाट्या घेऊन 'बाजू, बाजू' करत सुटलेली माणसं. एका उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं आणि जुन्या थिएटरसमोर जाऊन उभा राहिलो. भाऊंचं शिक्षण या दारात झालं.

ते शिक्षण असं: पूर्वी एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालत. गिरगावात पहिलं रीळ संपलं की डब्यात घालून सायकलवरून दादरला न्यायचं. ते इथे चढेपर्यंत तिकडे दुसरं संपत आलेलं असायचं. विशीतले भाऊ ही रिळं पोचवायचे. मध्ये टायर बसला की दादरचा पडदा पांढरा. भाऊ आम्हाला सांगायचे, "कुठल्या सिनेमाला लोक शिव्या घालतात आणि कुठल्या सिनेमाला गप्प बसून पुढच्या रिळाची वाट बघतात, ते मी धापा टाकत दारात उभा राहून शिकलो. पुस्तकात नाही ते."

पुढे परळच्या एका स्टुडिओत त्यांनी लाइट उचलले, मग सहायक झाले, आणि चाळिशी उलटल्यावर स्वतःचे सिनेमे करू लागले. पाच-सहाच केले. सगळे गिरणगावातले, बरेचसे तिथल्याच माणसांना घेऊन. त्यांचा एक शिरस्ता होता. सिनेमा थिएटरात जाण्याआधी ज्या चाळीत चित्रीकरण झालं त्या चाळीच्या अंगणात चादर बांधून तो दाखवायचा. भाऊ पडद्याशेजारी, लोकांकडे तोंड करून बसायचे. सिनेमा बघायचेच नाहीत, माणसं बघायचे. जिथे माणूस चुळबुळला तिथे दुसऱ्या दिवशी कात्री. मी बड्या बड्या दिग्दर्शकांच्या मुलाखती वाचल्यात, पण स्वतःचं काम असं लोकांच्या तोंडावर तपासणारा माणूस मला दुसरा दिसला नाही.

दादरहून गिरगावला मी टॅक्सी केली, मुद्दाम त्यांच्या सायकलच्या वाटेने, परळ-लालबागवरून. काचेच्या इमारती इतक्या उंच झाल्यात की टॅक्सीतून शेंडा दिसत नाही. एवढा रस्ता तो माणूस भरउन्हात डबे बांधून दिवसातून कितीदा कापत असेल!

गिरगावातल्या फणसवाडीत शिरलं की मुंबईचा आवाज निम्मा होतो. भाऊ पहिल्या मजल्यावर पुतणीकडे, मीनाकडे राहतात. दारातून मी नुसतं "भाऊ" म्हणालो.

"सांगली," ते म्हणाले. नाव नाही, गाव. युनिटमध्ये ते मला याच नावाने हाक मारत. "जाड झालास का रे? जिना कुरकुरला."

"झालोय थोडा."

"भडंग आणलंस?"

"आणलंय."

"मग बस."

ऐंशी ओलांडलेला माणूस, अंगात पांढरा सदरा, डोळे माझ्या खांद्याच्या जरा वर रोखलेले. मीनाने पानं घेतली. बांगड्याचं तिखलं (दाट, आंबट कालवण), भात, सोलकढी. भाऊ बोटांनी काटा अलगद सोडवून ताटाच्या कडेला ठेवत होते, एकही चुकत नव्हता. मी ठरवलं होतं, जेवण झाल्यावर बोलायचं. पण पहिल्याच घासाला तोंडून निघून गेलं.

"भाऊ, त्या दिवशी लोक पाण्यासाठी उठले होते."

मीनाला काही कळलं नाही. तुम्हालाही कळणार नाही, म्हणून सांगतो.

शेवटच्या सिनेमाच्या वेळी भाऊंची नजर अधू झाली होती. उजेडात भागायचं, अंधारात चेहरे दिसत नसत. लालबागच्या चाळीत खेळ लागला तेव्हा त्यांनी पडद्याशेजारी मला बसवलं, स्वतः माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "आज डोळे तुझे. सिनेमा बघू नकोस. लोक बघ."

त्या सिनेमात एक सीन होता, संवाद नसलेला. गिरण्या बंद पडल्यात, खानावळीतला शेवटचा माणूस गावी गेलाय, आणि खानावळवाली बाई मांडणीवरची सगळी ताटं काढून पुसत बसते. काम केलं होतं त्याच चाळीतल्या नंदाकाकूंनी. त्यांची स्वतःचीच खानावळ होती. कॅमेऱ्यासमोर त्या पहिल्यांदा आणि शेवटच्या उभ्या राहिल्या.

तो सीन लागला आणि लोक उठायला लागले. आधी दोघीतिघी, मग बघता बघता निम्मं अंगण. भाऊंनी विचारलं, "काय करतायत?"

मी म्हणालो, "उठतायत, भाऊ."

"का?"

"लांब वाटला असेल."

त्या आठवड्यात पाइपाचं काम निघाल्यामुळे चाळीला पाणी अवेळी येत होतं. माणसं कळश्या-बादल्या घेऊन नळाकडे धावत होती, हे मला समोर दिसत होतं. भाऊंच्या कानाशी स्पीकर होता. पडद्यावर ताटं वाजत होती आणि चाळीत कळश्या, त्यांना दोन्ही एकच वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सीन पूर्ण कापला. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. एडिटिंगच्या टेबलावर मी 'हा सीन लांब आहे' म्हणालो होतो आणि भाऊ सगळ्यांसमोर हसले होते, तो राग होता. पण तेवढाच नव्हता. तो सीन बघताना मला कळून चुकलं होतं की मला हे आयुष्यात जमणार नाही. तो पडद्यावर नसता तर बरं, असं मला वाटलं होतं.

सिनेमा लागला, लोकांनी वाखाणला. भाऊंनी मात्र नंतर दोन गोष्टी लिहायला घेतल्या आणि सोडल्या. "माझ्या माणसांसमोर माझाच सीन चालला नाही. मला आता लोक कळत नाहीत," असं ते मला म्हणाले. मी मान डोलावली. डोळे पूर्ण गेले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

हे सगळं मी भाऊंना ताटावर सांगितलं. ते जेवत राहिले. भात संपला, सोलकढीची वाटी रिकामी झाली.

"उठले होते हे खरं," ते म्हणाले.

"हो."

"मी 'का' विचारलं होतं?"

"विचारलं होतं, भाऊ."

"मग ठीक. मला वाटलं मीच विचारायला विसरलो." त्यांनी हात धुतले, पुसले. "नालायक आहेस."

"हो."

"हो काय हो. मी तिला तोंड दाखवलं नाही इतकी वर्षं. लालबागला कुणी मेलं तरी गेलो नाही. चल, ऊठ."

"कुठे?"

"नंदाबाईंकडे. मला काय सांगतोस? सीन तिचा होता."

मीना म्हणाली, "भाऊ, दुपारचं पडा तरी थोडं. त्या काय पळून जाणारेत?"

"हा वीस वर्षं पळालाय," भाऊ म्हणाले. "माझी काठी दे."

टॅक्सीत ते पुढे बसले. भायखळा मागे पडल्यावर म्हणाले, "आता डावीकडे चिमणी येईल."

"नाही, भाऊ. तिथे टॉवर झालाय."

"केवढा?"

"मान वर करूनही संपत नाही."

"वाईट दिसतो?"

मी नीट बघितलं. "नाही. ऊन पडलंय त्याच्यावर. चांगला दिसतो."

टॅक्सीवाला आझमगढचा होता, पण मराठी समजणारा. तो म्हणाला, "चाचा, आपको क्या करना है, आपको तो दिखता नहीं."

"इसको दिखता है," भाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाले. "लेकिन बताता नहीं."

लालबागला मसाल्याच्या दुकानांपाशी उतरलो. डंखावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) मिरची चालू होती, आम्ही दोघंही शिंकत गल्लीत शिरलो. चाळ अजून उभी आहे. पुढच्या वर्षी पाडणार म्हणतात, पण तसं बरीच वर्षं म्हणतायत. नंदाकाकू खोलीच्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील. भाऊंना पाहून त्यांनी पदर सावरला, मग म्हणाल्या, "इलात? माका वाटला तुम्ही मेलात."

"जवळजवळ," भाऊ म्हणाले.

खुर्च्या आल्या, सुनेने चहा टाकला. मी उभ्या उभ्याच काकूंना सगळं सांगितलं. भाऊंपेक्षा यांना सांगणं अवघड गेलं, कारण त्या लसूण सोलतच राहिल्या. माझं झाल्यावर त्यांनी लसणाचं सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे लोकांना आवडला नाय, असा नव्हता?"

"नाही, काकू."

"चाळीत सगळे मला म्हणायचे, नंदे, तू हललीसच नाय, लाकडासारखी बसलीस, म्हणून कापली तुला. मी पण तेच धरून बसले." मग त्या जराशा हसल्या. "पण मी खय बघलंय? पाणी इला तेव्हा मीच पहिली उठले. नळावर माझा नंबर पहिला होता. मला वाटलं, थेटरात लागेल तेव्हा बघू."

भाऊंनी मान खाली घातली. तो सीन आता कुठेच नाही. कापलेले तुकडे तेव्हाच गेले, निगेटिव्ह लॅबमध्ये पुराचं पाणी शिरलं त्यात गेली. ज्या बाईने ते काम केलं तिने ते एकदाही पाहिलेलं नाही.

"सांग तिला," भाऊ मला म्हणाले.

"काय?"

"सीन. पहिल्यापासून. मी कॅमेऱ्यामागे होतो, पण डोळे अधू होते. तू धड बघितलायस."

मला वाटलं होतं आठवणार नाही. तोंड उघडलं आणि सगळं आलं. खिडकीतून येणारा तिरपा उजेड. मांडणीवरून उतरणारं पहिलं ताट, त्याच्या काठावर कोरलेलं नाव, काकूंचा अंगठा त्या नावावरून फिरतोय. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ताट कुणाचं ते बोटाला कळत होतं. पुसायचं, पालथं घालायचं, पुढचं घ्यायचं. घाई नाही. बाहेर गल्लीत कुणीतरी हसतं, त्या मान वर करत नाहीत. शेजारणी दाराशी जमल्या होत्या, त्या आत येऊन बसल्या. मी सांगत होतो आणि मला थांबायचं नव्हतं.

"शेवटी तुम्ही एक ताट सुलटं करता," मी म्हणालो. "सगळ्यांना वाढताना तुम्ही नेहमी झाकणीत (पातेल्यावरच्या ताटलीत) जेवायचात. त्या दिवशी पहिल्यांदा ताटात भात वाढून घेता. हे भाऊंनी सांगितलेलं नव्हतं. आणि मग जेवत नाही. हात मांडीवर ठेवून बसता, कुणीतरी यायचंय अशा."

"ता ताट माज्या घोवाचा," नंदाकाकू म्हणाल्या. घोव म्हणजे नवरा. सिनेमाच्या आदल्या वर्षी ते वारले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. ताटाचं नव्हतं.

भाऊंनी आपली खुर्ची काकूंच्या आवाजाकडे सरकवली. 

तेवढ्यात मोरीतला नळ खाकरला आणि पाणी सुरू झालं. गॅलरीभर नळ वाजू लागले. सून सवयीने उठली. नंदाकाकूंनी तिचा पदर धरला. "बस गो. पाणी उद्या येतला." मला म्हणाल्या, "तुम्ही सांगा. मग जेवते का मी?"

"जेवता," मी म्हणालो, आणि सीनमध्ये नसलेलं ते जेवण पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत सांगितलं.

निघताना भडंगाचं दुसरं पाकीट काकूंना दिलं. त्यांनी फोडून तिथेच सगळ्यांना वाटलं आणि "तिखट नाय तुमचा," असा शेरा दिला.

परतीच्या टॅक्सीत बसलो. मग भाऊ म्हणाले, "मधे पाणी आलं ना?"

"आलं."

"कोण उठलं?"

"कोणी नाही, भाऊ."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. सून उठली होती, काकूंनी बसवली. शेजारणींपैकी एकही हलली नाही."

"मग लांब नव्हता," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे केलं.  माफ केलं असं म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. जिन्यापाशी मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीत होतो. क्लबच्या मागच्या रांगेतल्या बाई, तुमचं नाव मला माहीत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. तो सिनेमा पुन्हा लागेल तेव्हा एवढं करा. शेवटचा माणूस ट्रंक घेऊन जिना उतरतो आणि पुढच्याच क्षणी एकदम रस्ता दिसतो, तिथे जरा थांबा. त्या दोन शॉटच्या मध्ये नंदाकाकू ताटं पुसत बसल्यात.