तीन पूर्णांक चौदाचा डेमो

हे बाहेर सांगायचं नाही, असं दादानं मला बजावलंय. पण वरच्या खोलीत दादा आणि त्याचा मित्र मकरंददादा काम करतात, आणि चहा घेऊन जाते मी. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर सगळे बोलतात. किस्से साठणारच!

काम असं, की एकाच कंप्युटरच्या पोटात दोन कंप्युटर चालवायचे. प्रोसेसर मात्र एकच. पाळी बदलली की पहिल्याचे दशांशातले आकडे जपून बाजूला ठेवायचे, दुसऱ्याचे मांडायचे. पुण्याच्या कंपनीला हे पसंत पडलं तर दादा नाशिकला राहणार, नाहीतर नोकरीसाठी बंगलोर.

*

दादानं आईला समजावलं, की शेगडी एक आणि स्वयंपाक करणाऱ्या दोघी. काकूची पाळी आली की तुझं पातेलं उतरवायचं, तुझी आली की होतं तसं परत चढवायचं.

आई म्हणाली, "म्हणजे इंजिनिअर होऊन तू पातेली उचलतोस."

*

सुरुवातीला मकरंददादाच्या सगळ्या टेस्ट पास, दादाच्या फेल. शेवटी दादानं त्याचे आकडे तपासले. एकातही दशांश नाही!

"ते घातले की चुकतं रे," मकरंददादा म्हणाला, "म्हणून काढले."

*

मग वाद. मकरंददादाचं म्हणणं, दर वेळी कशाला उचलाउचल? दुसऱ्याला जागा लागली तरच उचलू. तो स्वतःही तसाच. त्याचं हेल्मेट दादाच्या खुर्चीवर असतं, दादा बसायला आला की उचलतो.

एकदा दादा न बघता बसला. तेव्हापासून दर वेळी उचलायचं ठरलं.

*

डेमोला पुण्याचे साहेब आले. एका कंप्युटरवर वर्तुळ काढणं चालू, दुसऱ्यावर लासलगावच्या कांद्याचा किलोचा सरासरी भाव. भाव आला ३.१४.

साहेब उठलेच. "हा तर वर्तुळाचा आकडा. तुमचे आकडे इकडचे तिकडे जातायत."

दादाचा चेहरा उतरला. मकरंददादा म्हणत होता की भाव आजचाच आहे, पण ऐकतंय कोण? बाबा लासलगावच्या मार्केटात नोकरीला. त्या दिवशी रजेवर होते. त्यांनी शांतपणे तिथल्या मित्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सरासरी? क्विंटलला तीनशे चौदा. लय पडला भाव आज, भाऊ."

"शंभरनं भागा, साहेब," बाबा म्हणाले.

साहेब खाली बसले. बराच वेळ हसले. "काम तुम्हालाच. पण पुढच्या डेमोत कांदा नको."

बाबांना ते फार लागलं. ते साहेबांना म्हणाले, की कांद्याला... थांबा, आई हाक मारतेय.

आले गं, आई!