पुलीचं माप

बारावीच्या पूर्वपरीक्षेला दोन दिवस उरले होते. माझ्या यादीतली बलाची आणि विजेची गणितं सुटून खोडली गेली होती, पण फिरत्या चाकांची सहा अडली होती. उत्तर दर वेळी पुस्तकातल्याच्या पावपट येई. वही घेऊन मी दौंडला मामाच्या पिठाच्या गिरणीत येरझाऱ्या घालत होते.

"मामा, ही पुली केवढी?"

"बारा इंची."

"मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत?"

"अगं, ह्या कडंपासून त्या कडंला. पुली कधी अर्धी मोजत्यात व्हय?"

गिरणीत वाढल्यामुळे मीही तशीच मोजत आले होते. पुस्तकात त्रिज्याच दिलेली असायची, आणि व्यास समजून मी ती निम्मी करत होते; सूत्रात त्रिज्येचा वर्ग, म्हणून उत्तर पावपट. पोत्यावर बसून सहाही पुन्हा सोडवली. जुळली. तरी चैन पडेना. वजनही मी गिरणीतल्यासारखं किलोतच धरत आले होते, आणि बलाची उत्तरं पुस्तकाशी ताडून पाहिली नव्हती. खोडलेली बलाची गणितं मी पुन्हा यादीत लिहिली.